समोरून

न्हाव्याने त्याचा गाल तळव्याने पलीकडे सारला आणि तो अर्ध्या दाढीनिशी खुर्चीतून उठला. सारणं म्हणजे तरी काय, एका बाजूची दाढी झाली होती, दुसऱ्या बाजूची करायची तर मान वळवायला हवी. हा न्हावी वर्षानुवर्षं त्याची मान अशीच वळवत आला होता, गल्लीतल्या कुणाची तरी खिल्ली उडवत, कधी आपल्याच बायकोची. पण त्या दिवशी तो ओला, गार तळवा गालावर टेकला, त्याने किंचित जोर दिला, आणि हा खुर्चीचे हात धरून उठला. न्हावी वस्तरा हवेत धरून उभा राहिला. "अहो, अर्धेच निघालात? लोक म्हणतील मी हाकलून दिलं." बाकावरचे दोघे हसले. त्याने गळ्याभोवतीचं कापड काढून खुर्चीवर ठेवलं, उद्या येतो म्हणाला, आणि एका गालावर साबणाचा फेस घेऊन रस्त्यावर आला. चार दुकानं सोडून पोहण्याचा तलाव होता. त्याच्या फाटकाशी नळ होता, तिथे त्याने तोंड धुतलं. फेस गेला तरी तो गाल चोळत राहिला. आतून पाण्याचा आणि औषधाचा वास येत होता, कुणीतरी सूर मारल्याचा आवाज आला. खिडकीतल्या कारकुनाला वाटलं हा चौकशीला आलाय. त्याने न विचारताच वेळा सांगायला सुरुवात केली.

गालावरचा तो तळवा बायकोचा होता. ती गेल्या हिवाळ्यात गेली. तिची फुप्फुसं कडक होत गेली होती. डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं, की मऊ स्पंजाची हळूहळू घासणी होते, मग त्यात हवा शिरत नाही. सुरुवातीला जिने चढताना थांबायची, मग बोलताना थांबायची, मग वाक्यं लहान झाली, मग नुसतं ह्या वस्तूकडे त्या वस्तूकडे बोट. पलंगाशेजारी ऑक्सिजनचं मशीन दिवसभर घरघरत असे. शेवटच्या दुपारी घरात तिघं होती: ती, तो, आणि तिची मोठी बहीण, जिला सगळे ताई म्हणत. उन्हं खिडकीतून पांघरुणावर आली होती. तिचा श्वास अगदी वरवरचा, गळ्यापाशीच चालला होता. तो तिच्यावर वाकला, तिच्या डोळ्यांत बघत तिचं नाव घेऊ लागला, आणि तिने हात उचलला. कित्येक दिवसांत पाण्याचा पेलाही न उचललेला तो हात. त्याला वाटलं ती गालावरून हात फिरवणार. तिने तळवा त्याच्या तोंडावर ठेवला आणि ढकललं. चांगलं जोरात. तो मागे झाला, पुन्हा वाकला, तिने पुन्हा ढकललं, आणि मग तोच हात मागे नेऊन ताईचा हात पकडला. तो पकडलेला असतानाच ती गेली. बस, एवढंच. नंतरचं सगळं, माणसांचं येणं, कागद, सह्या, त्याच्या लक्षात नाही. ताईने कधी त्याविषयी शब्द काढला नाही. पण तिने ते पाहिलं होतं, आणि तिने पाहिलं हे त्याला माहीत होतं. पुढे तिचे फोन आले की तो वाजून वाजून थांबेपर्यंत बघत बसायचा.

त्याचा धंदा कवळ्या करण्याचा. एका दातांच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत त्याचं टेबल होतं, टेबलावर दिवा, मेण तापवायची बारीक ज्योत, प्लास्टरची भांडी, घासायचं चाक. पुढच्या खोलीत डॉक्टरीणबाई पेशंटच्या तोंडाचा ठसा घ्यायच्या, तो ठसा मागे यायचा, हा त्यात प्लास्टर ओतायचा आणि मग ते तोंड त्याच्या टेबलावर पंधरवडाभर राहायचं. शहरातल्या कितीतरी माणसांची टाळू त्याला पाठ होती आणि चेहरा एकाचाही माहीत नव्हता. मेणाची गुलाबी हिरडी कोरताना हात चालायचे आणि डोकं रिकामं राहायचं. लग्नानंतर इतकी वर्षं ते रिकामपण त्याला आवडायचं. आता त्यात दुपारची ती खोली येऊन बसायची. बायकोला शेवटी आपण नको होतो का? पंचवीस-तीस वर्षं एका ताटाशेजारी दुसरं ताट, आणि निघायच्या वेळी माणूस तोंडावर हात ठेवून बाजूला सारतं आणि बहिणीचा हात धरतं. भांडणं सगळ्यांचीच होतात. त्याने आठवून आठवून जुनी भांडणं वर काढली, त्यांतलं कुठलं एवढं मोठं होतं ते तपासलं. एकही बसेना. कवळी बसत नसली की कुठे घासायची ते त्याला कळायचं. इथे कळत नव्हतं.

पोहायला तो त्या आठवड्यातच जाऊ लागला, का ते त्याला सांगता आलं नसतं. शिकवणाऱ्याला तिथले लोक बेडूक म्हणत, त्याच्या तोंडावर म्हणत, आणि तो ओ देई. पोक्त, सुटलेल्या पोटाचा माणूस, पाण्याबाहेर पाय ओढत चालायचा आणि पाण्यात शिरला की दिसेनासा व्हायचा. बेडकाने पहिल्याच दिवशी त्याचं दुखणं ओळखलं. तुम्ही श्वास सोडतच नाही, तो म्हणाला, नुसता घेत बसता. आधीचा भाडेकरू निघाल्याशिवाय नवा कसा येणार? त्यावर पाण्यातले सगळे हसले. हा मात्र कठड्याला धरून उभा राहिला, कारण दम संपत असताना, तलावाची ती एवढीशी रुंदी पार करताना, त्याला एक गोष्ट जाणवली होती. एका ठिकाणापर्यंत आपण आपले असतो, पाय, हात, उद्याचं काम, ताईचा फोन, सगळं बरोबर असतं. मग एक ठिकाण येतं, तिथे ह्यातलं काहीच आत येत नाही. तिथे फक्त वरची हवा असते आणि आपण खाली असतो. ती त्या ठिकाणी होती, त्याला वाटलं. दुपारभर तिथे होती. मग त्याच्या मनाने एक प्रश्न धरला आणि सोडला नाही: तिथे पोचलेल्या माणसाला समोरचा माणूस ओळखू येतो का? येत नसेल, तर तिने त्याला ढकललंच नाही. तिने कुणालाच ढकललं नाही, हात आपोआप उठला. येत असेल, तर मग तिने त्यालाच ढकललं. एवढं कळलं असतं तरी त्याला पुरलं असतं.

पण तलावात ते कळेना. तिथे कठडा होता, तळाला निळी रेघ होती, पाय टेकायचे, नाहीतर बेडूक बांबू पुढे करायचा. त्या ठिकाणाच्या उंबरठ्यावर पोचलं की शरीर लबाडी करून उभं राहायचं. म्हणून फाटकाशी चिकटवलेली ट्रायथलॉनची जाहिरात त्याने वाचली तेव्हा त्याची नजर फक्त पहिल्या ओळीवर थांबली: गावाबाहेरच्या मोठ्या जलाशयात साडेसातशे मीटर पोहणं. सायकल आणि धावणं त्याच्या मागून आलं, सामानाबरोबर पिशवी यावी तसं. शर्यतीतला तो सगळ्यात छोटा प्रकार होता, हौशी लोकांसाठी. त्याने नाव दिलं आणि एकदम त्याच्या भोवतीची सगळी माणसं खूश झाली. डॉक्टरीणबाईंनी पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते. पेशंटना सांगायच्या, आमच्या मागच्या खोलीत खेळाडू बसतो. दूरच्या शहरातली मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, आईला केवढा आनंद झाला असता." तो हं म्हणाला. न्हावीही म्हणाला, आता तरी दाढी पुरती करून घ्या, फोटो निघतील. त्याने करून घेतली, मान स्वतःच वळवून. कुणाला सांगणार, की आपण बरे व्हायला चाललेलो नाही, एका प्रश्नाचं उत्तर आणायला चाललोय.

सराव मात्र त्याने मन लावून केला. सकाळी पाणी, मग काम, संध्याकाळी कारखान्यांच्या मागच्या सरळ रस्त्यावर सायकल, आणि सायकलवरून उतरल्या उतरल्या धावणं. हे शेवटचं विचित्र होतं. पाय कुणा दुसऱ्याचे वाटायचे, लाकडी, आणि ते आपले होईपर्यंत रस्ता तसाच रेटावा लागायचा. अंगातली चरबी उतरली. पँट कमरेवरून घसरू लागली, तर त्याने पट्ट्याला दाभणाने नवं भोक पाडलं, आणि पाडताना आठवलं, तिच्या घड्याळाच्या पट्ट्यालाही त्याने अशीच भोकं पाडून दिली होती, मनगट बारीक होत गेलं तशी. तेव्हा ती हसली होती. "आता दंडात घालीन," म्हणाली होती. दोन शब्द, मग श्वास, मग तिसरा. अशी बाई आपल्याला का ढकलेल. आणि तरी ढकललं तर होतंच. पलंगाची जागा घरात अजून तशीच रिकामी होती, तिथे त्याने सायकल उभी केली. आरशासमोर उभं राहून तो कधी श्वास रोखून बघायचा, डोळ्यांपुढे काजवे चमकेपर्यंत, स्वतःचा चेहरा ओळखू येतोय का ते. यायचा. पण आरशातल्या माणसाला ढकलावंसं कुणाला वाटणार?

शर्यतीच्या दिवशी आभाळ भरलेलं होतं आणि पाणी चहाच्या रंगाचं. सगळ्यांच्या डोक्यांवर एकसारख्या लाल टोप्या. दूर एक नारिंगी फुगा तरंगत होता, त्याला वळसा घालून परत यायचं. जवळच्या एका ढेरपोट्या गृहस्थाने त्याला विचारलं, पहिल्यांदाच का, आणि उत्तराची वाट न बघता म्हणाला, मी मागच्या वेळी फुग्यालाच मिठी मारली होती, बायको अजून चिडवते. शिट्टी झाली. पहिले काही हात ठीक गेले. मग कुणाचा तरी कोपर कानावर बसला, कुणाची तरी टाच गॉगलवर, त्याने डोकं पाण्यात घातलं तर खाली रेघ नव्हती, तळ नव्हता, आपला हातसुद्धा कोपरापुढे दिसत नव्हता. त्याने श्वास घ्यायला तोंड वळवलं आणि पाणी आत गेलं. खोकला आला, खोकल्यात आणखी पाणी. लाल टोप्या पुढे निघून गेल्या. सोडा, श्वास सोडा, बेडूक डोक्यात ओरडत होता, पण सोडायला काही असेल तर ना. छाती लोखंडी पट्ट्यात आवळल्यासारखी झाली. आणि मग ते ठिकाण आलं. ह्या वेळी खरोखरचं. त्यात मुलगी नव्हती, टेबल नव्हतं, मरणाची भीतीसुद्धा नव्हती, तेवढी जागाच नव्हती. वर राखाडी आभाळाचा एक तुकडा होता आणि तो तुकडा म्हणजे सगळं काही.

तेवढ्यात त्या तुकड्यात एक तोंड आलं. पिवळ्या बनियनचा जीवरक्षक फळीवर पालथा पडून वल्हवत समोरून आला होता आणि हात पुढे करून त्याच्यावर वाकला होता. रुंद चेहरा, मिशीतून पाणी ठिबकतंय, एका भुवईवर जुनी खूण, डोळ्यांत नुसती काळजी. ह्याने ते सगळं पाहिलं, लख्ख, नंतर आठवून सांगता येईल इतकं. हा माणूस मला वाचवायला आलाय हेही त्याला कळलं. आणि त्याचा हात पाण्यातून वर आला, तळवा त्या भल्या माणसाच्या तोंडावर बसला आणि त्याने ढकललं. सगळा जोर लावून. बोटांखाली ओठ दातांवर चिरडल्याचं त्याला जाणवलं. फळी कलंडली, तोंड बाजूला झालं, आभाळ मोकळं झालं, आणि त्याला एक श्वास मिळाला. मग आणखी एक. मागून कुणीतरी फळीचं टोक त्याच्या काखेखाली सरकवलं. किनाऱ्यावरून एक बाई शिट्टी फुंकत कुणावर तरी ओरडत होती. फळीला धरून थांबलं तरी बाद होत नाही, धरून पुढे जायचं नाही एवढंच, असं कुणीतरी सांगत होतं. तो थांबला. छातीतली घरघर कमी झाली. बाहेर काढू का, त्यांनी विचारलं. त्याने मान हलवली, नको. उरलेलं अंतर त्याने उताणं पोहत काढलं, आभाळाकडे बघत, त्याच्या आणि आभाळाच्या मध्ये कुणी नसताना.

सायकलवर बसेपर्यंत बाकीचे गेले होते. ओल्या कपड्यांतून वारा शिरत होता. उत्तर मिळालं होतं. ओळखू येतं. अगदी नीट ओळखू येतं, तो पॅडल मारत स्वतःशी म्हणाला, आणि तरी ढकलतं माणूस, त्यात राग नसतो, लोभ नसतो. ती त्याला ओळखत होती. तिला तो नको होता असं नव्हतं, तिला हवा हवी होती. इतके महिने जे ऐकायला जीव तळमळत होता ते हेच. त्याला वाटलं होतं हे कळलं की छातीवरचं ओझं उतरेल. रस्ता सरळ होता, दोन्ही बाजूंना तारेचं कुंपण, एका वळणावर झेंडा घेऊन उभी असलेली मुलगी कंटाळून मोबाइलमध्ये बघत होती. ओझं उतरलं नाही. उलट आजवर जे त्याने बघितलं नव्हतं ते दिसायला लागलं. आजवर त्या दुपारच्या खोलीत तोच तेवढा होता, त्याचा गाल, त्याचा अपमान, त्याची पंचवीस-तीस वर्षं. ती होती, पण ढकलणारी म्हणून. आता त्याला तिच्या बाजूने दिसलं. पाण्यात त्याने जे काही क्षण काढले, त्यात ती अख्खी दुपार होती. फळी नव्हती, किनारा नव्हता, आणि वर आभाळाच्या जागी त्याचं तोंड. रागावर तो इतके महिने जगला होता, सकाळी उठायला तो राग कामाला येत होता. आता तोही नव्हता. धावायला उतरला तेव्हा पाय लाकडी झाले होते आणि तसेच राहिले. पाण्याच्या टेबलावरच्या बाईने पेला पुढे करून "शाब्बास काका" म्हटलं. तो रडतोय हे तिच्या ध्यानात आलं नाही, घामात काही कळत नाही.

शेवटची रेघ त्याने ओलांडली तेव्हा कापडी कमान उतरवायला सुरुवात झाली होती. तरी कुणीतरी टाळ्या वाजवल्या, कुणीतरी गळ्यात पदक घातलं. ढेरपोट्या गृहस्थ लांबून हात हलवत होता. ह्याने पिवळा बनियन शोधला. तो माणूस सामानाच्या टेम्पोच्या पायरीवर बसून संत्रं सोलत होता. त्याचा वरचा ओठ सुजून मिशीबाहेर आला होता. हा समोर जाऊन उभा राहिला, माफ करा म्हणाला. माणसाने संत्र्याच्या दोन फोडी त्याच्यापुढे धरल्या.

"अहो, माफी कसली. चूक माझी. आत्ताच बाईंनी सगळ्यांसमोर माझी हजामत केली."

"तुमची काय चूक?"

"समोरून गेलो ना. पहिल्या दिवशी हेच शिकवतात. गुदमरलेल्या माणसाच्या समोरून जायचं नाही. तुम्ही कितीही जीव लावून जा, त्याला तुमचं तोंड म्हणजे झाकण वाटतं. मागून जायचं, खांद्याखाली हात घालायचा, समोर मोकळं ठेवायचं." त्याने फोड ओठाला झोंबू न देता तोंडात टाकली. "मला माहीत होतं हो. पण तुमचा चेहरा बघितला आणि विसरलो. सरळ तुमच्याकडेच आलो."

हा फोडी हातात धरून तिथून निघाला. पार्किंगच्या कडेला एक सिमेंटचा ठोकळा होता, त्यावर बसला. अंगातून वाफा निघत होत्या आणि थंडीही वाजत होती. ताईचा नंबर त्याने स्वतः लावला, बायको गेल्यापासून पहिल्यांदा. पलीकडून लगेच आवाज आला, जणू फोन हातातच होता. कसे आहात, शर्यत होती ना आज, लेकीने सांगितलं मला, सगळं नीट झालं ना, असं ताई बोलत राहिली. तो ऐकत राहिला. मग म्हणाला,

"ताई, त्या दिवशी तुम्ही कुठे उभ्या होतात?"

ताईने कुठला दिवस ते विचारलं नाही. "उशाशी," ती म्हणाली. "मागे. तिला टेकवून धरलं होतं."

"आणि मी?"

"तुम्ही तिच्यावर वाकला होतात. अगदी तोंडाशी."

"तिला हवा लागत नव्हती."

लांब कमानीचा लोखंडी पाइप जमिनीवर पडल्याचा आवाज झाला.

"मला कळत होतं," ताई म्हणाली. "तिने पहिल्यांदा हात लावला तेव्हाच कळलं. म्हणणार होते, जरा बाजूला व्हा. ओठांवर आलं होतं हो. पण तुम्ही तिच्याकडे असं बघत होतात, की माझ्याने बोलवेना. वाटलं, शेवटचं बघताहेत, बघू दे." मग तिचा आवाज बारीक झाला. "माझी सख्खी बहीण होती ती. आणि मी तिचं सोडून तुमच्याकडे बघितलं. तुम्ही फोन उचलत नव्हतात, मला वाटलं तुम्हाला ते कळलंय. म्हणून उचलत नाही."

त्याला नाही म्हणायचं होतं. तसं नव्हतं, मला वेगळंच वाटत होतं, असं सांगायचं होतं, पण ते सांगून काय झालं असतं. दोघंही त्या खोलीत होते, दोघांचाही तिच्यावर जीव होता, आणि दोघांनी मिळून तिची हवा अडवली होती, एकाने वाकून आणि एकीने गप्प राहून. ह्यात कुणाला माफ करायचं, कुणी करायचं? त्याच्या हातातल्या फोडींचा रस बोटांवरून मनगटाकडे ओघळत होता. तो पुसायचं त्याला सुचलं नाही.

"ऐकताय ना?" ताई म्हणाली.

"हो."

"तुमच्याजवळ आहे का कुणी तिथे?"

त्याने मान वर करून बघितलं. टेम्पोत फळ्या चढवत होते. ढेरपोट्या गृहस्थाला त्याची बायको टॉवेलने पुसत होती आणि काहीतरी बोलत होती.

"नाही."

"मग ठेवू नका," ताई म्हणाली. "बोलू नका हवं तर. पण फोन ठेवू नका."

त्याने ठेवला नाही. तिचा श्वास कानात येत होता, जरा भरलेला, म्हातारपणाचा, जिना चढून आल्यासारखा. तो घेतला जात होता, सोडला जात होता, पुन्हा घेतला जात होता. तो ते ऐकत बसला.